तीन वीत अंतरावरचे घड्याळ

लग्नात सासऱ्यांनी मला मनगटी घड्याळ दिले होते. पांढरी तबकडी, काळा पट्टा. रोज सकाळी आंघोळ झाली की मी त्याला किल्ली देत असे. घड्याळ निकामी झाल्यावरही ती सवय बरीच वर्षे बोटांतून गेली नाही. माझी पत्नी जाऊन आता चार महिने झाले. तिच्या वस्तू मुलीने आवरल्या. घड्याळ माझ्या टेबलाच्या खणात तसेच आहे. ते पाहिले की मला लग्नमंडप आठवत नाही. बारामतीच्या एका इस्पितळातली मागची पडवी आठवते, आणि तिथे आम्ही काढलेले दिवस.

पन्नासच्या दशकातली मधली वर्षे होती. मी बारामतीत एका शाळेत मास्तर होतो, वय पंचवीस. घर इंदापूरजवळच्या एका खेड्यात. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते पाटाच्या पाण्यावर वांगी आणि पेरू पिकवायचे. लग्नाला दीड वर्ष झाले होते. पत्नी गावी असताना तिला खोकला लागला. इंदापुरात एका डॉक्टरांनी तिला महिनाभर पेनिसिलिनच्या सुया दिल्या. ते औषध तेव्हा नवलाचे होते. पिकलेले गळू, न्यूमोनिया, बाळंतिणीचा ताप, सगळ्यांवर तेच, आणि पुष्कळदा गुणही यायचा. त्यामुळे ज्याला त्याला सुईच हवी असायची. पुडी दिली तर लोकांना आपल्याला फसवल्यासारखे वाटे. तिच्या खोकल्याला मात्र गुण आला नाही. एका सकाळी पदरावर रक्त दिसले आणि मी तिला बारामतीला आणले.

इस्पितळातले डॉक्टर पंचेचाळिशीचे असतील. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर सरकवून वाचणारे. पुण्याहून काढून आणलेला छातीचा फोटो त्यांनी खिडकीच्या काचेला लावला आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवले.

"इथं. लिंबाएवढी पोकळी आहे."

मी फोटोकडे पाहिले. मला सगळेच धूसर दिसत होते.

"पेनिसिलिन क्षयाच्या जंतूला काहीच करत नाही," ते म्हणाले. "महिना वाया गेला. जाऊ द्या. आता तीन औषधं देऊ. स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज सकाळी. 'पास' नावाच्या औषधाच्या पुड्या दिवसातून तीनदा, त्यांनी मळमळेल. आणि ही बारीक पांढरी गोळी."

"तिन्ही एकदम?"

"तिन्ही एकदम. एकच दिलं तर जंतू त्याला सरावतात, मग ते औषध त्या माणसाला पुन्हा कधी लागू पडत नाही. मी पाहिलेत असे लोक. चार महिन्यांत वजन वाढलं, खोकला गेला, म्हणून ऊसतोडीला निघून गेले. वर्षानं परत आले तेव्हा माझ्याकडे त्यांच्यासाठी काही शिल्लक नव्हतं. अर्धवट सोडायचं असेल तर सुरूच करू नका, मास्तर."

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात इतके घट्ट बसले की त्यानंतर ते जे जे म्हणाले ते मी त्या वाक्यातूनच ऐकत गेलो.

आमच्याकडे सून लांबच्या दुखण्यात पडली की तिला माहेरी पाठवायची रीत होती. आबांनी ते रागाने सुचवले नाही. "कळंबला धाडू," ते म्हणाले, "आईच्या हातचं खाईल, तिच्याबी जिवाला बरं वाटंल." कळंबला दोन खोल्यांत तिची चार लहान भावंडे होती. मी नाही म्हणालो. आबांना नाही म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर घातली, एवढेच.

अशा रीतीने ती इस्पितळाच्या मागच्या पडवीत राहिली. पडवीला एका बाजूने लाकडी गज होते, आत चार खाटा. प्रत्येक खाटेखाली फिनेल घातलेले झाकणाचे भांडे, थुंकण्यासाठी. पायथ्याशी एक फळी टांगलेली, तिला चिमट्याने केसपेपर लावलेला. डॉक्टर रोज सकाळी साडेआठला फेरी मारायचे आणि प्रत्येक केसपेपरवर सगळी औषधे पहिल्यापासून पुन्हा लिहायचे. वर 'तेच चालू' असे लिहिले तरी चालले असते. सिस्टरांनी एकदा तसे सुचवले, तेव्हा ते लिहिता लिहिताच म्हणाले, "तेच चालू लिहिलं की माझं डोकं बंद पडतं, सिस्टर."

सुई सुरू करण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला बोलावले.

"या औषधानं कधी कधी चक्कर येते. कुणाकुणाच्या कानावर जातं. सगळ्यांच्या नाही. पण गेलं की परत येत नाही." त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिले. "घड्याळ चालतं ना हे?"

"चालतं."

"मग हे काम तुमच्याकडे. मला चाळीस खाटा आहेत, रोज इतका वेळ मिळणार नाही. बारीक आवाज आधी जातात, माणसाचं बोलणं मागून. म्हणून घड्याळच बरं. सकाळी बाहेर गर्दी व्हायच्या आधी यायचं. त्यांना डोळे मिटायला सांगायचे, एक कान बोटानं बंद. तुम्ही मागं उभं राहायचं. हात लांब धरून घड्याळ हळूहळू कानाजवळ आणायचं. टिकटिक ऐकू आली की त्या सांगतील. तिथंच हात थांबवायचा आणि वितीनं मोजायचं. दोन्ही कान. कागदावर लिहायचं."

त्यांनी लगेच स्वतःच करून दाखवले. तिला तीन वीत अंतरावरून ऐकू आले, दोन्ही कानांनी.

"तिनाचे दोन झाले तर मला सांगा," ते म्हणाले. "एक झालं तर त्याच दिवशी सांगा."

मी शाळेच्या वहीतला एक कागद आखला. डावीकडे वार, मग डावा कान, उजवा कान. मला अशी कामे आवडत. आता लिहिताना वाटते, मला ते फार आवडले होते. एवढ्या भीतीत हातात मोजण्यासारखे काहीतरी आले होते.

रोज सात वाजता मी पोचायचो. ती खाटेवरून उठून स्टुलावर बसायची, गजांकडे तोंड करून, डोळे मिटून. केस बांधलेले असत, मानेवर घामाने चिकटलेल्या चार बटा. मी मागे उभा राहून हात लांबवायचो. ती म्हणायची, "आलं." मी वीत टाकायचो. तीन. उजवा. तीन. मग मी कागदावर लिहायचो आणि तो फळीला लावायचो. तोवर सिस्टर उकळलेली काचेची पिचकारी घेऊन येत. सुई झाल्यावर थोड्या वेळाने तिच्या ओठांभोवती मुंग्या यायच्या. ती ओठ चोळत म्हणायची, "मिरची खाल्ल्यागत होतंय बघा." मग मी शाळेला जायचो.

तीन आठवडे तीनच होते. चौथ्या आठवड्यात ती चालताना गज धरू लागली. विचारले तर म्हणाली, "पडून पडून पायातलं बळ गेलं." त्याच आठवड्यात एका सकाळी डाव्या कानाला अडीच झाले. दुसऱ्या दिवशीही अडीच. तिसऱ्या दिवशी दोन.

त्या वेळी मागच्या रस्त्याने एक बैलगाडी चालली होती. मी मनाशी म्हटले, गाडीचा आवाज मध्ये आला. आणि कागदावर अडीच लिहिले.

हे मी आजवर कुणालाही सांगितले नव्हते. तिलाही नाही. गाडी खरीच चालली होती. पण ती पुढे गेल्यावर मी पुन्हा मोजू शकलो असतो. मोजले नाही. माझ्या कानात डॉक्टरांचे ते वाक्य वाजत होते, अर्धवट सोडायचं असेल तर. मला वाटले, दोन लिहिले की सुई बंद होईल, आणि सुई बंद झाली की लिंबाएवढी पोकळी तशीच राहील, वाढेल. तिचा कान आणि तिचा जीव मी मनातल्या मनात समोरासमोर ठेवले होते. कुणीही सांगितले नसताना.

दिवसभर मला शाळेत काही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाबरतच हात लांबवला. तीन वीत अंतर असतानाच ती म्हणाली, "आलं."

मी पुन्हा केले. "आलं." उजवा कान. "आलं."

मला किती बरे वाटले ते लिहून समजणार नाही. म्हणजे गाडीचाच आवाज होता. म्हणजे मी लिहिलेले फारसे खोटे नव्हते. त्यानंतर रोज तीन. डॉक्टरांनी फेरीत कागद पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मध्ये थोडं उतरलं होतं, सावरलं. छान. कान चांगले आहेत, तर रोजची सुई आणखी महिनाभर चालवू. पोकळी मोठी आहे, तेवढा फायदा होईल."

आणि त्यांनी तिन्ही औषधे पहिल्यापासून लिहिली.

पुढे आठवडाभराने आबा आले. पहाटेची एस.टी. पकडून आले होते, पिशवीत पेरू आणि वांगी. मी आंघोळ करून बाहेर येतो तो ते दारात. मग चहा, गावच्या गोष्टी, पाटाचे पाणी कधी सुटणार, आणि मध्येच, खाली मान घालून, "महिना होऊन गेला. अजून किती सुया?" मी सांगू लागलो, तोवर शेजारच्या घरातल्या घड्याळाने सातचे ठोके दिले. आम्ही घाईने इस्पितळात गेलो.

आबा पडवीच्या पायरीवर बसून पाहत होते. मी मागे उभा राहिलो, हात लांबवला.

"आलं," ती म्हणाली.

"आलं? एवढ्या लांबून?" आबा म्हणाले. "मला तर हितनं दिसंना बी."

ती डोळे मिटूनच हसली.

फेरीला डॉक्टर आले तेव्हा आबांनी त्यांना रामराम घातला आणि धोतर वर करून गुडघा दाखवला. "डागदर, एक सुई मलाबी द्या की. सुनंच्या एवढ्या रोज चालल्यात, त्यातली एक."

"ती सुई तुमच्या गुडघ्याला चालत नाही, आबा."

"तिच्या छातीला चालती, मग माझ्या गुडघ्याला का न्हाय? ती बी तुमच्या घरची न्हाय, मी बी न्हाय."

बाजूच्या खाटेवरची म्हातारी खोकत हसली. डॉक्टरही हसले. "गुडघ्यात जंतू असते तर दिली असती. तुमच्या गुडघ्यात वय आहे. त्याला शेक द्या. आणि उगाच कुणी सुई देऊ लागला तर घेऊ नका. ज्याला नको त्याला दिली की ज्याला हवी त्याला एक दिवस ती चालेनाशी होते."

"आँ?" आबा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिले, जणू शिकलेल्या मुलाने याचा अर्थ सांगावा. मी नुसती मान हलवली. शाळेला उशीर होत होता.

शाळेत पहिला तास इतिहासाचा. तास संपत आला असेल म्हणून मी घड्याळ पाहिले. चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

मी ते कानाला लावले. बंद होते. आदल्या सकाळची किल्ली पहाटे कधीतरी संपली होती, आणि आबा दारात उभे असल्यामुळे मी आज किल्ली द्यायला विसरलो होतो. हे समजायला फार तर दोन श्वास लागले असतील. मग दुसरी गोष्ट समजली. सात वाजता मी जे घड्याळ तिच्या कानामागे धरले होते ते चालतच नव्हते. आणि ती म्हणाली होती, आलं.

वर्गातल्या मुलांना मी काय सांगत होतो ते आठवत नाही. एका मुलीने काहीतरी विचारले आणि मी तिला पुन्हा विचार म्हटले, दोनदा. मी नेहमी मुलांना सांगायचो की न समजलेले विचारण्यात लाज नसते. ते वाक्य माझ्या तोंडून त्या दिवशीही निघाले असेल.

दुसऱ्या सकाळी मी किल्ली दिली आणि इस्पितळात गेल्यावर घड्याळ काढून खिशात ठेवले. रिकामी मूठ तिच्या मागे धरली.

"आलं."

मी कागदावर तीन लिहिले.

तिसऱ्या सकाळीही तसेच. मी तिला विचारले नाही. काय विचारणार होतो? तू खोटे का बोलतेस, असे विचारले तर तेच ती मला विचारू शकली असती. आणि तिने खोटे बोलणे थांबवले तर मला खरे लिहावे लागले असते. त्या तीन दिवसांत मला जेवण गेले नाही. डॉक्टर पडवीत आले की मी फळीपासून दूर जाऊन उभा राहायचो. ते कागद पाहत, मान हलवत, लिहीत. स्ट्रेप्टोमायसिन, रोज. माझ्या अक्षरातले तीन पाहून त्यांच्या अक्षरातले रोज उतरत होते, आणि दोन्हींच्या मध्ये ती स्टुलावर डोळे मिटून बसलेली. कधी वाटे, पोकळी भरत असेल, भरू दे. लगेच वाटे, आज किती गेले असेल? काल किती? गेले की परत येत नाही, हेही त्यांनीच सांगितले होते. पण ते वाक्य मी मागे टाकले होते.

चौथ्या दिवशी रविवार होता. उन्हे अंगावर घ्यावीत म्हणून सिस्टरांनी तिला इस्पितळाच्या आवारात फिरायला सांगितले. ती कडुलिंबाखालून हळूहळू चालत होती, एक हात भिंतीला. मी ओट्यावर बसलो होतो. फाटकातून दुधाची बरणी लावलेला एक सायकलवाला आत आला आणि तिच्या मागून घंटी वाजवू लागला. ती सरकली नाही. त्याने पुन्हा वाजवली, सारखी वाजवली. शेवटी तो पाय टेकून उतरला.

"ओ बाई, बहिऱ्या हाय का काय?" तो म्हणाला. "अर्धी बारामती गोळा झाली माझ्या घंटीनं, तुमी आपल्या वाटंच्या मधून हालंना."

तो मोठ्याने बोलल्यावर ती वळली. आधी त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे.

मी उठलो आणि तिच्याकडे गेलो नाही. सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेलो. ते रविवारीही यायचे. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. बंद घड्याळ, रिकामी मूठ, मी लिहिलेले तीन. बैलगाडीचे सांगितले नाही.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "कागद आणा."

मी आणला. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि कुठून, असे विचारले. उतरलेला आकडा पुन्हा तीन झाला होता तिथे मी बोट ठेवले. त्यांनी तिथून खालच्या बारा दिवसांवर एक उभी रेघ मारली.

"फोटो मला तीन महिन्यांनी मिळणार," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "थुंकीची तपासणी पंधरा दिवसांनी. वजन आठवड्यानं. रोजचं असं माझ्याकडे हे एकच होतं. यावर मी औषध लिहीत होतो. तुम्हाला काय वाटलं, मी हे कशासाठी मागतो?"

"मला वाटलं, कमी लिहिलं तर सुई बंद होईल."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात, अर्धवट सोडायचं असेल तर सुरूच करू नका."

त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

"बंद नसती केली, मास्तर. आठवड्यातून दोनदा केली असती. बाकीची दोन रोज आहेत ना, ती धरून ठेवतात. बऱ्याच जणांना मी तशीच देतो. तुमच्या मंडळींना रोजची चालवली ती कान चांगले दिसले म्हणून. एवढं विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मी मास्तर होतो. मला विचारायचे सुचले नव्हते.

ते स्वतः पडवीत आले. स्वतःचे घड्याळ काढले. तिला डोळे मिटायला सांगण्याऐवजी तिच्या डोळ्यांवर सिस्टरांकडून रुमाल बांधून घेतला आणि मला लांब, पायरीवर, उभे केले. डाव्या कानाला घड्याळ अगदी टेकवले तेव्हा ती काहीशी थांबून म्हणाली, "काहीतरी हाय." उजव्याला एक वीत.

त्यांनी केसपेपर घेतला आणि पहिल्यापासून लिहिला. पास. गोळी. स्ट्रेप्टोमायसिन, सोमवार आणि गुरुवार. शाई वाळेपर्यंत ते कागद धरून उभे होते. तिला ते रागावले नाहीत. फक्त जाताना खाटेच्या उजव्या बाजूला येऊन, वाकून म्हणाले, "आता कुणासाठी आलं म्हणायचं नाही. आलं तरच आलं."

ती मान खाली घालून बसली होती. ते गेल्यावर मी विचारले, "का?"

"मला वाटलं, माहेरी धाडतील," ती म्हणाली. "आबा म्हनत हुते न्हवं. तितं बारकी भावंडं हाईत. त्यास्नी लागलं तर?"

मला ते पटले. पुढची कित्येक वर्षे तेच कारण मी धरून चाललो.

पोकळी भरली. त्याला दीड वर्ष लागले. शेवटचे सहा महिने ती माझ्या बारामतीच्या खोलीवर राहून औषध घेत होती, आणि एकही पुडी चुकली नाही. डावा कान गेला तो गेलाच. उजवा एका वितीच्या आसपास राहिला. मला नेहमी हे मोजावेसे वाटे की त्या बारा दिवसांनी किती नेले. दोन वीत? एक? का दोन बोटे? डॉक्टरांना एकदा विचारले, तर ते म्हणाले, "ते मलाही सांगता येणार नाही, आणि तुम्हाला कळून उपयोग नाही." मी तिच्या उजव्या बाजूने चालायला शिकलो. जेवायला बसताना, एस.टी.त, नाटकाला, सगळीकडे. मुलांनाही ती सवय आपोआप लागली. आबा शेवटपर्यंत तिच्या डाव्या बाजूला बसून बोलायचे, आणि ती शेवटपर्यंत त्यांच्याकडे वळून बसायची.

खरे कारण तिने मला फार उशिरा सांगितले. आम्ही दोघेही म्हातारे झालो होतो. मी काहीतरी शोधताना खणातून घड्याळ बाहेर ठेवले होते. तिने ते हातात घेतले, किल्ली देऊन पाहिली, आणि म्हणाली, "माहेरचं काय न्हवतं."

"कशाचं?"

"मी आलं म्हनायची, त्याचं. तुमी हात लांब केला की श्वास धरायचा. टिकटिक गेली तरी तो मला ऐकू यायचा, श्वास चाललेला, आन् मग बंद झालेला. दोन-चार दिवस तुमी लई येळ धरून उभं ऱ्हायला. मला वाटायचं, ह्यो मानूस पडंल हितंच. मग मी म्हनलं, आलं. तवा तुमी सोडला."

मग मी तिला बैलगाडीचे सांगायला हवे होते. तोंडाशी आले होते. तिने घड्याळ परत खणात ठेवले आणि भाजी निवडायला बसली, आणि मी ते सांगितले नाही. म्हणून इथे लिहिले.

गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. बारामतीतच, एका नव्या इस्पितळात. माझ्या मुलाहूनही वयाने लहान असलेले डॉक्टर केसपेपरवर लिहीत होते. दोन औषधांची नावे लिहून झाली आणि त्यांनी सहज विचारले, "पूर्वी कुठलं औषध बाधलं होतं का?" मुलगा नाही म्हणू लागला. मी त्याला थांबवले. उभा राहिलो आणि सगळे सांगितले, पहिल्या सुईपासून. किती दिवस, कोणते औषध, कोणता कान, किती वीत. खूप वेळ लागला असावा. मुलगा अवघडला होता. डॉक्टरांनी मात्र पेन थांबवले होते.

"यातलं दुसरं कानावर जाऊ शकतं," ते म्हणाले. "बदलतो." त्यांनी ते नाव खोडले आणि दुसरे लिहिले. मी विचारले की या बदलाने गुण कमी येईल का. ते म्हणाले, नाही, हेही तितकेच चांगले आहे. मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा सांगितले.

नऊ दिवसांनी ती गेली. औषधाने छाती साफ होत आली होती, पण हृदय थकले होते. त्याला कुणाचा इलाज नव्हता. शेवटपर्यंत उजव्या कानाने तिला ऐकू येत होते. जाण्याच्या आदल्या दुपारी मी तिच्या त्या बाजूला खुर्ची ओढून बसलो होतो. तिची छाती वर होई, खाली होई, मध्येच थांबे, आणि ती थांबली की मी तिच्याकडे वाकून पाहत राही, पुन्हा वर होईपर्यंत. तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटले झोपली आहे.

"अहो," ती म्हणाली, "श्वास घ्या."